गाळलेला शब्द

गणपतअण्णांना शिरोळहून कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा त्यांची डावी बाजू पूर्ण लुळी पडली होती. मेंदूत रक्तस्राव झालेला. आयसीयूत रोज सकाळी दहा मिनिटं, तेही एकालाच सोडत. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे आणि अण्णांची लेक संघप्रिया हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, त्यामुळं आत जायचं काम आपसूक तिच्याकडं आलं.

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "क्रिटिकल, बट स्टेबल."

बाहेर बाकड्यावर आई बसली होती. लेकीला बघताच मीनाबाई उठून उभी राहिली, पदराचं टोक मुठीत आवळून. तो चेहरा बघितला आणि संघप्रियाच्या तोंडून डॉक्टरांचा पहिला शब्द, क्रिटिकल, निघालाच नाही.

"स्टेबल हायेत," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हंजी काळजीचं न्हाय."

मीनाबाईनं तासाभरात सगळ्या भावकीला फोन केले. स्टेबल हा शब्द ती नीट, सावकाश उच्चारायची. हैदराबादच्या कंपनीत असलेल्या प्रसेनजीतनं बहिणीला विचारलं, निघू का? नव्या नोकरीला त्याचा जेमतेम महिना झाला होता. संघप्रियानं त्याला सांगितलं, घाई करू नको, शनिवारी ये.

मंगळवार गेला, बुधवार गेला. डॉक्टर रोज तेच म्हणायचे आणि ती रोज अर्धंच बाहेर आणायची. वर्गात पोरांना ती सांगायची की स्टेबल म्हणजे न हलणारं, मग ते चांगलं असो की वाईट. अर्थ तिला पक्का ठाऊक होता. तरी आईपुढं उभं राहिलं की तिची जीभ मागं सरायची.

गुरुवारी तिनं डॉक्टरांना मराठीतच विचारलं, वाचतील का?

"मॅडम, काल जेवढी वाईट परिस्थिती होती, तेवढीच आज आहे. सुधारणा काही नाही. बाहेरगावी कोणी असेल तर बोलवून घ्या."

जिन्यात उभी राहून तिनं भावाला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता नीघ."

"काल तर स्टेबल म्हणालीस, ताई."

"स्टेबलच्या आधी डॉक्टर क्रिटिकल म्हणत हुते. पहिल्या दिवसापासनं. मी ते सांगितलंच न्हाय."

पलीकडून फोन कट झाला.

मीनाबाई तेव्हा शेजारणीला फोनवर सांगत होती की अण्णांची खाट बाहेरच्या खोलीत टाकून ठेव, त्यांना उजेड लागतो. तिचं बोलणं संपेपर्यंत संघप्रिया थांबली आणि मग सगळं सांगून टाकलं. मीनाबाई रडली नाही. तिनं फोन पिशवीत टाकला.

"मला इंग्रजी कळत न्हाय म्हणून मी चार दिस तुला आत सोडलं," ती म्हणाली. "हे ठावं असतं तर मी गेली असती की. त्यांच्याजवळ बसाय इंग्रजी कशाला लागतंय?"

शुक्रवारी सकाळची दहा मिनिटं मीनाबाईची होती. ती बाहेर आली ती एवढंच म्हणत, की त्यांचा हात गरम हाय. तासाभरात अण्णा गेले. प्रसेनजीतची रात्रीची बस तेव्हा मिरजेच्या अलीकडं होती.

अंत्यविधीत तो बहिणीशी बोलला नाही. अण्णांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, अंगणातल्या सतरंज्या गुंडाळताना त्यानं विचारलं, "आईसाठी लपवलंस?"

व्हय म्हणणं सोपं होतं. भावकीतले सगळे तसंच धरून चालले होते.

"न्हाय," संघप्रिया म्हणाली. "मलाच ऐकायचं नव्हतं. दुसऱ्याला सांगितलं असतं तर ते मलाबी ऐकू आलं असतं."

त्यानं सतरंजी ओसरीवर नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तो गेला. दीड महिन्यानं त्याचा फोन आला. संघप्रियानं उचलला, कसा हाईस म्हणून विचारलं. बरा हाय, म्हणाला, आणि आईला फोन द्यायला सांगितलं.

तिनं दिला.