कमरेवरचा चट्टा

परकराची नाडी चाळीस वर्षं जिथं घट्ट बांधली, तिथंच रत्नाबाईच्या कमरेवर चट्टा उठला. तुकडा तपासून डॉक्टरांनी कातडीचा कॅन्सर सांगितला. लहान आहे, महिन्याभरात कापून काढू म्हणाले.

कापायचं नाव काढताच रत्नाबाईंनी प्रियदर्शनीला आपल्या गावी, गडमुडशिंगीला बोलावून घेतलं. प्रियदर्शनी त्यांच्या भावाची लेक, कोल्हापुरात फार्मसी कॉलेजात शिकवायची. अशाच कॅन्सरसाठी ती मलम तयार करत होती. औषध नॅनो कणांत भरायचं, म्हणजे ते कातडीत खोलवर उतरतं, हे गेल्या दिवाळीत तिनंच आत्तीला हौसेनं समजावलं होतं.

"थोडं आण की त्यातलं," रत्नाबाई म्हणाल्या.

"आत्ती, ते अजून उंदरांनाच लावलंय. माणसाला लावायची परवानगी न्हाय. तू ऑपरेशन करून घे."

"उंदराला देतीस आन् मला न्हाय व्हय?"

प्रियदर्शनीनं पुन्हा पुन्हा समजावलं. त्या दिवसापासून रत्नाबाईंनी तिचा फोन उचलणं बंद केलं. त्यांच्या मुलाला, ऋषभला, तिनं ऑपरेशनचं विचारलं की तो "बघतो" एवढंच म्हणायचा.

पाच महिन्यांनी त्यानंच फोन केला. प्रियदर्शनी पोचली तेव्हा चट्ट्याची तळहाताएवढी जखम झाली होती, जांघेत गाठ लागत होती. उशाशी मलमाच्या सहा रिकाम्या ट्यूबा. त्यांच्यावर सोनेरी अक्षरात 'नॅनो' छापलेलं.

"हे कुणी दिलं?"

"हातकणंगल्याच्या दुकानातनं आणलं," रत्नाबाई म्हणाल्या. "तूच म्हणालतीस की, नॅनो खोल जातं म्हणून."

प्रियदर्शनी ट्यूब घेऊन त्या दुकानात गेली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "कांती उजळायची क्रीम हाय ही, ताई. कॅन्सरचं औषध म्हणून कुठं लिवलंय, दाखवा." तिनं ट्यूब उलटसुलट करून वाचली. तसं कुठंच लिहिलं नव्हतं.

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेकही दिले, पण आजार आत पसरला होता. रत्नाबाई श्रावणात गेल्या.

भेटायला येणाऱ्यांना ऋषभ एकच सांगत होता, "घरात औषध करणारं माणूस असून आमास्नी दुकानातलं आणावं लागलं." बायका प्रियदर्शनीकडं वळून बघत. ती भिंतीला टेकून बसली होती. उत्तर तिच्याकडं होतं, पण ते सांगायला लागलं की आपण पुन्हा नॅनोपासूनच, आत्तीला त्या दुकानात घेऊन गेलेल्या शब्दापासूनच सुरुवात करणार, हे तिच्या लक्षात आलं.