पाळण्याला अडकवलेली मक्याची पिशवी

"वहिनी, ती पिशवी पाळण्याच्या कठड्याला नको गं अडकवूस," असं आत्यानं बजावलं, त्याच दिवशी माझी या घरातली नोकरी सुरू झाली.

मित्रांनो, मी कचऱ्याची पिशवी आहे, मातीत कुजणाऱ्या प्लास्टिकची. भोपळोबाला पुसलेले ओले कागद टाकायला आईनं मला त्याच्या पाळण्यालाच लटकवलं होतं. भोपळोबा म्हणजे तिचं गुबगुबीत बाळ, कठडा धरून नुकतंच उभं राहायला लागलेलं. आत्या म्हणजे तिची नणंद.

आई शिकलेली होती. बाळ झाल्यापासून तिला सगळ्याचीच धास्ती वाटे. दुधाची, पाण्याची, खेळण्यांच्या रंगाचीसुद्धा. तिनं घरातलं साधं प्लास्टिक हद्दपार केलं होतं. दात घासायचा ब्रश, चमचे, डबे, जे येईल ते कुजणारं. म्हणून तिला आत्याच्या बोलण्याचं हसू आलं.

"अगं, ही मक्याची आहे. चावली तरी पोटात जिरेल."

"पोटाचं कोण बोलतंय? नाकातोंडाचं बोलतेय मी," आत्या म्हणाली. मग तिलाही राहवलं नाही. "बाकी या घरात न कुजणारा आता माझा दादाच तेवढा उरलाय."

दोघी खळखळून हसल्या, आणि त्या हसण्यात ती ताकीद वाहून गेली.

माझा जन्मच मारझोडीत झाला. आधी मक्याचे दाणे भिजवून ठेचले, चिरडले. त्यांचं पीठ पिळून काढलं, त्यात कसलेकसले चिकट पदार्थ कालवले. मग तापलेल्या नळकांड्यात लोखंडी मळसूत्रानं मला रेटत, वितळवत पुढे ढकललं. तोंडाशी पोचले तर खालून हवेचा असा मारा झाला की मी फुग्यासारखी तट्ट फुगले. रुळांनी मला दाबून सपाट केलं, पात्यानं कापलं, तापलेल्या पट्टीनं माझं बूड डागून बंद केलं.

कारखान्यातल्या कारागिरानं मला दोन्ही हातांनी खेचून पाहिलं. मी ताणली गेले, फाटले नाही. "रबरासारखी आहे, आणि आवाजही नाही करत," तो कौतुकानं म्हणाला. साध्या पिशव्या नुसता हात लागला तरी कुरकुर करतात. मी मुकी आणि मऊ. त्या कौतुकावर मी कितीतरी दिवस जगले.

आईही माझं कौतुक करायची. पाहुण्यांना हात लावून बघायला सांगायची. भोपळोबा मला ओढायचा, चोखायचा, आणि ती बिनघोर कामं उरकायची. जिला पाण्याच्या थेंबाचीही भीती, तिला माझी भीती नव्हती. का, तर मी मातीची मैत्रीण होते ना!

एका दुपारी आई स्वयंपाकघरात दुधाच्या बाटल्या उकळत होती. मी रिकामीच होते. भोपळोबानं मला हिसडा मारला, माझा एक बंद सुटला आणि तो माझ्यासकट गादीवर उताणा पडला. मी त्याच्या चेहऱ्यावर पसरले.

त्यानं श्वास घेतला. मी आत ओढली गेले, त्याच्या नाकावर, ओठांवर चिकटले. त्यानं पाय झाडले, मुठी माझ्यावर आपटल्या, डोकं गादीवर इकडून तिकडे घुसळलं. त्याची नखं माझ्यात रुतली. मी फाटायला हवं होतं. मी फक्त ताणली गेले. तो ओरडायला गेला तर मीच त्याच्या तोंडात शिरले. मित्रांनो, माझ्या मनात वैर नव्हतं, पण गळा दाबणाऱ्या हातानं तरी याहून वेगळं काय केलं असतं?

स्वयंपाकघरात आईला घर शांत वाटलं. झोपलं वाटतं शहाणं, असं पुटपुटून तिनं आणखी एक बाटली घासली. मी कुरकुरले असते तर तिला कळलं असतं. पाय झाडणं मंदावलं. मग थांबलं.

पांघरूण घालायला म्हणून ती आत आली.

मला बघताच तिनं पाळण्याकडे धाव घेतली. झडप घालून मला ओढलं, मी लांबत गेले. तिनं माझ्यात दात घुसवले, नखांनी ओरबाडलं. त्या ओरबाडण्यात बाळाच्या गालावरून रक्ताची रेघ उमटली. ओठ जांभळे होते. तिनं त्याला हातावर पालथं घातलं आणि पाठीवर थापट्या मारत राहिली. "रड," ती म्हणत होती. "रड रे. रड."

तो रडला. आधी खरखर झाली, मग टाहो फुटला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, थोडक्यात वाचला. संध्याकाळी आत्या आली. तिनं आठवण करून दिली नाही की टोमणाही मारला नाही. भावजयीच्या हातांतून बाळ घेतलं आणि तिला जवळ ओढून बसून राहिली.

मला आईनं कात्रीनं चिंध्या चिंध्या करून खताच्या खड्ड्यात फेकलं, वर फावड्याचे घाव घातले. आता किडे मला कुरतडतात. माझी तक्रार नाही. मला कुजायलाच बनवलं होतं. पण कुजायला महिने लागतात, आणि तान्ह्याच्या श्वासाला तेवढी सवड नसते. जे मातीला सोसतं ते बाळाला सोसेलच असं नाही, एवढंच मला सांगायचं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरात तान्हं भावंड आहे का? आणि हे वाचताना बराच वेळ त्याचा आवाज आलेला नाही का? झोपलं असेल, असं म्हणू नका. हातातलं पुस्तक खाली ठेवा. जा, आधी त्याला बघून या.