अबोल्याचा सराव

बाईंच्या गळ्याशी माईक अडकवताना त्या मुलीचे हात थंडगार लागले.

"हलू नका हां," ती म्हणाली. तिने वायर मागून ओढून घेतली आणि एक छोटी डबी बाईंच्या कमरेला खोचली. "आता तुम्ही नुसता सुस्कारा टाकलात तरी आम्हाला ऐकू येणार. नियम लक्षात आहे ना? घंटा झाली की बोलायचं नाही. हसलात, रडलात, शिंकलात, चालेल. शब्द नको."

बाईंनी मान डोलावली.

"अहो, अजून घंटा व्हायची आहे. आता बोललात तरी चालेल."

"हो का," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सकाळची शाळा करून त्या थेट आल्या होत्या. शिशुवर्गातली मुलं आज फारच उधळली होती आणि बाईंचे पाय चपलेत मावेनासे झाले होते. या मोठ्या, थंड खोलीत आपल्याला कोणी "बाई, बाई, याने माझी पेन्सिल घेतली" म्हणत ओढत नाही, याचंच त्यांना बरं वाटत होतं.

अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवर बाकीचे उमेदवार बसले होते. कार्यक्रमाचं नाव 'चिडीचूप'. निवडलेल्या माणसांनी एका घरात राहायचं, कॅमेऱ्यांसमोर, एक शब्दही न उच्चारता. जो बोलेल तो बाहेर. शेवटी जो उरेल त्याला राहायला फ्लॅट मिळणार होता. आजची फेरी निवडीची होती.

"मी ग्रंथालयात जन्म काढलाय," उजवीकडचे गृहस्थ म्हणाले. त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. "शांतता राखा, ही पाटी माझ्या डोक्यावरच होती म्हणा ना. मला हे अवघड नाही."

"साहेब, तुमच्याकडे निदान माणसं यायची," पलीकडचा पहारेकरी म्हणाला. "मी रिकाम्या गोदामावर असतो. कधीकधी स्वतःचा आवाज आठवावा लागतो. आणि ताई, तुमचं काय?"

"मी बालवाडीत शिकवते."

"मग कसं व्हायचं तुमचं! दिवसभर बडबड."

"माझं लग्नही झालंय," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. विनोद करायचा म्हणून त्या बोललेल्या नव्हत्या.

लेक शाळेत होती तेव्हापासून बाई नवऱ्याशी बोललेल्या नव्हत्या. त्याचं दुकान होतं, पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं, आणि घरी तेव्हा फोन नव्हता. बाईंच्या आईचं दुखणं वाढल्याचा निरोप दुकानात आला. त्या दिवशी शाळेत मुलांचं नाटक होतं. ते बसवायला बाईंनी जिवाचं रान केलं होतं. नाटक होऊ दे, मग सांगू, असा नवऱ्याने विचार केला. नाटक छान झालं. ससा झालेला मुलगा मध्येच रडायला लागला, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई आईकडे पोचल्या तेव्हा आईचं अंथरूण गुंडाळून भिंतीला लावलेलं होतं.

"मला वाटलं, तुझा कार्यक्रम बिघडू नये," एवढंच तो म्हणाला होता.

त्या वाक्याला बाईंनी उत्तर दिलं नाही. मग कुठल्याच वाक्याला दिलं नाही. काही दिवस तो बोलत राहिला, मग त्यानेही सोडून दिलं. सुरुवातीला तो अबोला अंगावर यायचा. पुढे तो घरातल्या एखाद्या अवजड कपाटासारखा झाला. त्याला वळसा घालून चालायची सगळ्यांना सवय लागली.

लेकीला तर ती सवय लहानपणापासूनच होती.

"बाबांना सांग, भाजी संपलीय."

"बाबा, भाजी संपलीय."

"ऐकलं मी."

"आई, ऐकलं म्हणतात."

"ऐकलं मी पण."

"मग मला कशाला मध्ये घेता दोघं?" लेक वैतागायची. कॉलेजात गेल्यावर ती निरोपांत स्वतःची भर घालू लागली. "आई, बाबा म्हणतायत आज भाजी झकास झालीय." बाई बघायच्या, तर तो खाली मान घालून जेवत असायचा. काहीच म्हणालेला नसायचा. पण नाकारायचाही नाही.

आता लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. बॅगा भरून दारात उभ्या होत्या. 'चिडीचूप'चा अर्ज तिनेच गंमत म्हणून भरला होता. "आई, तुझ्याइतकी कसलेली खेळाडू त्यांना शोधून सापडणार नाही. आख्खं घर मिळेल बघ!"

तिला गंमत वाटत होती. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं. लेक गेल्यावर त्या घरात दोघंच उरणार होती आणि मध्ये कोणीही नसणार होतं. भाजी संपली तर कोणी कोणाला सांगायचं? रात्री बरं वाटेनासं झालं तर? हा विचार मनात आला की बाई भिंतीकडे तोंड करून झोपायच्या.

"बाबांना सांग, मी जिंकले तर तिकडे राहायला जाणार," त्यांनी एकदा लेकीला सांगितलं.

हा निरोप तिने पोचवला नाही. तशी गरजही नव्हती. तो पलीकडेच बसून एका पंख्याच्या पात्याला कापड मारत होता.

"ऐकलं मी," तो म्हणाला, आणि कापड मारत राहिला.

निवडीच्या फेरीला घरचं एक माणूस सोबत हवं होतं. लेकीचा नेमका इथल्या जुन्या नोकरीतला शेवटचा दिवस होता. म्हणून नवरा आला. बसमध्ये तो पुढे बसला, बाई मागे. तिकिटं मात्र त्याने दोन काढली आणि एक मागे, मधल्या प्रवाशांच्या हातून, पाठवून दिलं.

घंटा झाली.

आधी एकाने मागे जाऊन थाळी आपटली. एक तरुण "आई गं!" म्हणाला आणि तिथेच बाद झाला. मग विदूषकासारखे कपडे केलेला माणूस आला आणि एकेकाच्या कानाशी चावट विनोद सांगू लागला. ग्रंथपालांचे गाल थरथरले, पण ते टिकले. नंतर एका फळ्यासमोर दुसरा माणूस उभा राहिला आणि मोठ्याने पाढे म्हणू लागला, तेही चुकीचे. "बे त्रिक सात, बे चोक नऊ." एक हिशेबनीस महिला "सहा!" असं ओरडून बाहेर पडल्या. बाईंच्या घशापर्यंत तो आकडा आला होता. त्यांनी सवयीने हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. रोज मुलांना सांगायची गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः केली. समोरच्या भिंतीतल्या काचेपलीकडे कोणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवून हसलं.

त्यांना हे सोपं जात होतं. किती सोपं, याचं त्यांनाच नवल वाटलं. न बोलण्यासाठी तोंड दाबून धरावं लागत नाही, हे इथल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. समोरचं वाक्य आत येऊच द्यायचं नसतं. ते दारातच थांबवायचं, की मग उत्तराचा प्रश्नच येत नाही. हे सगळे वाक्य आत घेत होते आणि मग उत्तर गिळत होते. म्हणून दमत होते.

मग घरच्यांची पाळी आली. काचेमागच्या खोलीत एकेकाला माईकसमोर बसवत होते. पहारेकऱ्याची बायको रडली, म्हणाली, पोरगं विचारतंय तुम्हाला. पहारेकरी हुंदका देऊन "येतो गं" म्हणाला आणि उठला. ग्रंथपालांची बहीण त्यांना अगदी गोड आवाजात म्हणाली, "दादा, तुझी ती जुनी पुस्तकं मी रद्दीत घातली बरं का." ग्रंथपाल ताडकन उभे राहिले. "कुठली?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हॉलभर हशा झाला.

"आता बालवाडीच्या बाई," ध्वनिवर्धकातून आवाज आला.

बाई सावरून बसल्या. तो काय म्हणेल याचा त्यांनी येताना बसमध्ये विचार करून ठेवला होता. तो रागवेल, किंवा विनवणी करेल. त्या दिवसाबद्दल बोलेल, आईचं नाव काढेल. कदाचित माफी मागेल, इतक्या लोकांसमोर. त्या प्रत्येक वाक्यासाठी बाईंनी दार लावून घेतलं होतं. काचेमागे तो त्यांना नीट दिसत नव्हता. एक वाकलेला खांदा तेवढा दिसत होता आणि शेजारी ती माईक लावणारी मुलगी, त्याच्या कानाशी काहीतरी सांगत असलेली.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खाकरल्याचा आवाज आला. मुलीने त्याच्या पाठीवर हात ठेवलेला दिसला.

"अगं," तो म्हणाला. ध्वनिवर्धकातून तो आवाज फार मोठा आणि फार जवळून आला. "किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

"हो, पर्सच्या आतल्या कप्प्यात," बाई म्हणाल्या.

भोंगा वाजला. बाईंना कळेना, कोण बाद झालं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग आपलाच हात पर्सच्या चेनवर आहे, हे त्यांना दिसलं.

माईकवाली मुलगी धावत आली. "काय हो बाई! आम्ही तुमची निवड धरूनच चाललो होतो. तुम्ही तर शेवटपर्यंत जाणार होतात." डबी काढून घेताना तिचा चेहरा खरंच पडला होता. "किल्लीला काय उत्तर द्यायचं!"

बाई पर्स काखेत धरून उठल्या.

बाहेर ऊन उतरलं होतं. थांब्यावरचा बाक रिकामा होता. बाई एका टोकाला बसल्या. तो आधी उभा राहिला, मग दुसऱ्या टोकाला बसला. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाची काच पुसत होता. वरच्या कोपऱ्यापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता, तरी तो पुनःपुन्हा उंचावत होता. बाई ते पाहत राहिल्या. फ्लॅट गेला होता. लेक परवा जाणार होती. पायांना रग लागली होती आणि उद्या पुन्हा सकाळची शाळा होती.

"त्या मुलीने काय सांगितलं होतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज खरखरीत आला, जसा पुष्कळ दिवस बंद असलेला नळ सोडल्यावर येतो.

तो दचकला. त्याने मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आहे का म्हणून.

"माझं चुकलं, असं म्हणा म्हणाली," तो म्हणाला. "अर्जात लेकीने सगळं लिहिलंय म्हणे. एवढं म्हणा, की त्या बोलतातच, म्हणाली."

"मग?"

"तिथे नाही म्हणवलं. ते सगळे बघत होते." त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. पंख्याच्या वंगणाच्या काळ्या रेघा त्याच्या बोटांवर कायमच्या होत्या. "घरी कितीदा तरी म्हणायला उठलो होतो. तू स्वयंपाकघरात असायचीस. मग पाणी पिऊन परत यायचो."

बाईंना त्याचं ते पाणी पिणं आठवलं. रात्री-अपरात्री, भरल्या पोटी, एवढी तहान कशी लागते या माणसाला, असं त्यांना वाटायचं.

"तेच म्हणाला असतात," बाई म्हणाल्या, "तर मी तोंड उघडलं नसतं. त्याची तयारी करूनच बसले होते. जिंकले असते मी."

"हो," तो म्हणाला. "ठाऊक होतं मला."

बाईंनी मान वळवली. तो रस्त्याकडे पाहत होता. त्याचे केस कानामागे पूर्ण पांढरे झाले होते, आणि हे कधी झालं ते बाईंना सांगता आलं नसतं.

बस आली. दार उघडलं. कंडक्टरने बाहेर डोकं काढून दोघांकडे पाहिलं, क्षणभर वाट पाहिली आणि घंटी मारली. बस निघून गेली. त्या बसने जायचं नाही, असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नव्हतं.