वारा माझ्या हाती

पडद्याच्या पुढे धाकटी बसायची, पडद्याच्या मागे थोरली उभी राहायची. दोघी सख्ख्या जावा, एका चुलीवरच्या. मध्ये एक जाड हिरवं कापड. रविवारी ते मंदिरात असायचं. बाकीचे सहा दिवस थोरलीच्या डोळ्यांपुढे.

ख्रिस्ती उपासनामंदिरातला ऑर्गन जुना. पुढे बसणारीनं बोटं चालवायची, मागे उभं राहणारीनं भाता मारायचा. लाकडी दांडा वरखाली केला की भात्यात वारा भरे. वारा किती उरला ते कळायला दोरीला शिशाचा गोळा टांगलेला होता. भाता भरला की गोळा खाली यायचा, वारा सरू लागला की वर चढायचा. भिंतीवर खडूची एक रेघ होती. गोळा रेघेच्या वर गेला, की सूर आधी कण्हतो आणि मग जीव सोडतो. भाता भरून झाला की मागून लाकडावर दोनदा टकटक करायची. म्हणजे, वारा आहे, वाजव.

पुढच्या बाकावर एके काळी थोरलीच असायची. मग बोटांचे सांधे सुजले, करंगळी वळेना, आणि ती जागा धाकटीला मिळाली. धाकटीला शिकवलं होतं थोरलीनंच, तिचं बोट धरून, एकेक पट्टी दाबून.

पुढे गावातली सूतगिरणी बंद पडली, दोघींचे नवरे घरी बसले. भाता मारणारे आजोबा लेकीकडे राहायला गेले, मंडळीतली तरणी माणसं कामाच्या शोधात पांगली. पाळकांनी थोरलीला विचारलं. बोटं वळत नसली तरी दांड्याला मूठ पुरते. प्रभूची सेवा म्हणून ती हो म्हणाली. पडद्यामागे सेवा किती जड होते, ते तिला पहिल्याच रविवारी कळलं.

उपासना सुटली की बायका धाकटीला घेरायच्या. "काय गं बोटं तुझी, नुसतं लोणी!" थोरली घाम पुसत मागून आली की कुणीतरी म्हणायचं, "अगंबाई, तुम्ही होतात होय मागे?" थोरली हसायची. हसणं घशाखाली उतरता उतरता निखारा व्हायचं. भाता मारताना तिच्या मनात आपसूक ओळी जुळायच्या, दांड्याच्या तालावर:

*भात्या माझ्या भात्या, श्वास तुझा कोंडलेला,*
*वारा माझ्या हाती, सूर तिच्या नावे गेला.*

गुरुवारी नळावर शेजारीण भेटली. तिला सगळे फोडणी म्हणायचे, कारण कुठलीही बातमी तिच्याकडून तडतडल्याशिवाय पुढे जात नसे.

"काय गं, मोठ्या शाळेचा गानमास्तर येतोय म्हणे रविवारी? तुझ्या जावेला ऐकायला?"

"येतोय."

"पसंत पडली तर पगारी नोकरी! तुझा दादला घरात, तिचा दादला घरात. आता घरात शब्द कुणाचा चालणार, ते मी कशाला सांगू? मी आपली गप्प बसते."

"तू आणि गप्प?"

"बघ बाई, शिकवलंस तू, झिजलीस तू. आणि आता उभं राहून तिलाच वारा घाल!" फोडणीनं बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "वाऱ्याचं काय गं, मध्येच सरतो. जुना भाता आहे. कुणी तुला विचारणार आहे का?"

थोरलीची बादली भरून वाहू लागली होती. तिनं नळ बंद केला. आतलं वाहणं मात्र थांबलं नाही.

त्या संध्याकाळी धाकटी तिच्याजवळ येऊन बसली. "ताई, शेवटच्या गीताला सगळ्या खुंट्या ओढू का?"

ऑर्गनच्या खुंट्या जितक्या बाहेर ओढाव्यात, तितक्या जास्त नळ्या बोलतात. सूर भरदार होतो आणि वारा भराभर संपतो.

"ओढ की."

"तुमच्या हातांना झेपेल?"

"माझ्या हातांची काळजी तू करू नकोस," थोरली म्हणाली. ते इतकं तुटक निघालं की धाकटी उठून गेली. 'दया करते माझ्यावर,' थोरलीच्या मनात आलं. 'अजून पगार नाही हातात, आणि दया आधीच वाटायला काढली.'

जेवणाआधी घरातले सगळे प्रार्थनेला बसले. थोरली वाक्यामागून वाक्य म्हणत गेली. 'आम्हाला मोहात पडू देऊ नकोस' ही ओळ आली तेव्हा तिचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्या नोकरीवर घरातल्या सगळ्यांची पोटं होती, तिचं स्वतःचंही. हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरीही धाकटीचा सूर भर मंदिरात फाटताना तिला ऐकायचा होता. एकदाच.

रविवारी गानमास्तर पहिल्या बाकावर बसला. थोरलीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं: गुडघ्यावर टोपी, मान किंचित कलती. तिनं भाता भरला, दोनदा टकटक केली. धाकटीनं सुरुवात केली.

छान वाजवत होती मेली. पहिलं गीत पाण्यासारखं गेलं, दुसरं त्याहून सरस. शेवटच्या गीताला खुंट्या धडाधड बाहेर आल्या, सगळ्या नळ्या एकदम बोलल्या, आणि थोरलीच्या पायाखालची फळी थरथरली. तिच्या काळात ऑर्गन असा कधी गर्जला नव्हता. कधीच नाही. तिचं काळीज करपलं.

तिनं दांडा सोडला.

गोळा वर सरकू लागला. थोरली बघत राहिली. काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. गोळा रेघेला टेकला. एक सूर किंचित कण्हला.

'प्रभू, मला ती आवडत नाही,' ती मनात म्हणाली. तिची इतकी खरी प्रार्थना कित्येक दिवसांत झाली नव्हती. 'मला तिचं चांगलं बघवत नाही. पण हा दांडा मी तुझ्यासाठी धरला होता.'

आणि तिनं दोन्ही मुठींनी दांडा धरला. एक, दोन, तीन. गोळा झरझर खाली आला. भाता भरला.

पण पुढे काहीतरी निराळंच चाललं होतं. खट. खट. खट. धाकटी खुंट्या आत ढकलत होती, एकामागून एक. गर्जना ओसरली, नळ्या गप्प झाल्या, आणि शेवटी एकच बारीक सूर उरला, पाळण्याशी गुणगुणावं तसा. अगदी जिथं सगळं मंदिर भरून जायला हवं होतं तिथं.

थोरली स्वतः वाजवणारी होती. तिला सगळं कळलं. सूर कण्हला तेव्हा धाकटीला वाटलं, ताईंचे हात दमले. मागचं ओझं कमी व्हावं म्हणून ती आपली परीक्षा आपल्या हातानं लहान करत होती.

आता मोह आधीच्याहून गोड होऊन आला. भाता काठोकाठ भरलेला. आता थोरलीनं हात सोडला नव्हता, ती इमानानं दांडा मारत होती. फक्त टकटक करायची नाही. गप्प राहायचं, बस्स. धाकटी आपल्याच दयेनं हरेल, आणि थोरलीच्या माथी काहीच येणार नाही. फोडणीच्याही ध्यानात येणार नाही. देवाच्या मात्र येईल.

"नको," ती मोठ्यानं म्हणाली. कुणाला, ते तिलाही नक्की कळलं नाही.

सुजलेली मूठ तिनं लाकडावर हाणली. टक, टक. कळ कोपरापर्यंत गेली.

पुढे क्षणभर सूर थबकला. मग खुंट्या बाहेर आल्या, सगळ्या. छपरापासून फरशीपर्यंत मंदिर भरलं. तो आवाज थोरलीला टोचत होता, आणि ती दांडा मारत होती. डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं, तिनं ते तसंच गिळलं. शेवटचा सूर विरेपर्यंत गोळा एकदाही रेघेजवळ गेला नाही.

मास्तरानं बाहेर पाळकांशी बोलून धाकटीला सोमवारपासून शाळेत यायला सांगितलं. बायकांचा घोळका झाला. "लोणी गं, लोणी!" त्यातून अंग सोडवून धाकटी पडद्यामागे आली.

"ताई, दमलात ना हो? मला मध्येच वाटलं..."

"दमले नव्हते. हात सोडला होता मी. मुद्दाम."

धाकटी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बाहेर कुणी तिला हाका मारत होतं.

"मग ती टकटक?" तिनं विचारलं.

"तीही मीच."

धाकटीनं थोरलीची मूठ हातात घेतली, बोटं उलगडून पाहिली. उलगडली तेवढीच उलगडली.

"येत्या रविवारी याल?" आवाज अजून पुरता सरळ झाला नव्हता.

"येईन. पण तू सगळ्या खुंट्या ओढल्यास की माझ्या काळजात पुन्हा आग पडणार. सांगून ठेवते."

"पडू दे," धाकटी म्हणाली. "तुम्ही फक्त टकटक करा."