सारंगांची काठी साक्ष देते

मी वेताची काठी. अंगानं बारीक, पण मोडेन असं कुणी समजू नये. सिंगापूरच्या बाजारात माझी मूठ घासून गुळगुळीत केली, तेव्हापासून माणसांचा भार पेलणं हे माझं काम, आणि ते मी चोख केलंय.

मला विकत घेतलं गंगाराम सारंगांनी. बोटीवरच्या खलाशांचे ते मुकादम. तेव्हा त्यांना काठीची गरज नव्हती, नुसता रुबाब. पुढे बोट सोडून ते कोकणात, पावस गावी घरी आले आणि गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा माझी खरी किंमत त्यांना कळली.

बोटीवरच्या कमाईतून त्यांनी एक कातळ घेतला होता. ते समुद्रावर असताना त्यांच्या बायकोनं, दमयंतीबाईंनी, त्यात खड्डे फोडून घेतले, टोपल्यांनी माती आणून भरली आणि हापूसची कलमं लावली. उन्हाळाभर कमरेवर कळशी घेऊन त्यांनीच ती जगवली.

दोघांना मूलबाळ नव्हतं. सारंगांचे भाऊ वारलेले, भावाचा मुलगा धोंडू मुंबईच्या गिरणीत. त्या काळच्या रिवाजानं आपल्या माघारी बाग पुतण्याकडे जाईल आणि दमयंती तिथंच परकी होईल, ही काळजी सारंगांना पोखरत होती. माझी मूठ ते इतकी घट्ट धरत, की ही काळजी मला न सांगता कळे.

शेवटी कोकणी माणूस करतो तेच त्यांनी केलं. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गुरव मोठ्यानं म्हणाला, "बा देवा म्हाराजा, सारंगांच्या माघारी बाग त्यांच्या कुटुंबाची, दमयंतीबायची. तिच्या आड कोन येयाचा नाय!"

"व्हय म्हाराजा!" सारा गाव एका सुरात बोलला.

सारंग निश्चिंत झाले. मीही झाले. देवाच्या कानावर घातलं, आता राहिलं काय?

पुढे बांधाच्या कामासाठी रत्नागिरीला वकिलांकडे गेलो, तेव्हा सारंगांनी ही गोष्ट ऐटीत सांगितली. वकील हसले नाहीत. "सारंग, पूर्वी तोंडी इच्छा चालायची. आता कायदा बदललाय. मृत्युपत्र लेखी हवं, तुमची सही हवी, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. बाग तुमच्या स्वकष्टाची आहे, हवी त्याला देता येईल. वडिलोपार्जित घराचं तसं नाही."

"देवानं आयकलंय," सारंग म्हणाले.

"देवावर समन्स बजावता येत नाही, सारंग."

परतताना सारंगांनी सगळा राग माझ्यावर काढला. रस्त्यावर मला असं आपटलं, की माझं टोकाचं पितळ वाकलं. देवानं ऐकल्यावर कागद करायचा म्हणजे देवावर भरवसा नाही असं होतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय मृत्युपत्राचं नाव काढलं की मरण दारात येतं, असंही त्यांना वाटे. माणसं मरणाला भितात आणि सोसावं मागे राहिलेल्यांना लागतं.

दमयंतीबाई त्या विषयावर कधी बोलत नसत. त्या संध्याकाळी बोलल्या. "अवो, मी मरनाचं बोलत नाय, बागेचं बोलतंय. देवाला सगलं ठाव हाय. पन उद्या माज्या दारात येनार ती मानसं."

सकाळी सारंगांनी माझं पितळ ठोकून सरळ केलं, तेव्हाच मी ओळखलं, आता कागद होणार.

शिमग्याला धोंडू गावी आला. सारंग त्याला आणि शेजारच्या काशीरामला घेऊन वकिलांकडे गेले. साक्षीदार तरुण बघा, तुमच्या आधी जाणारा नको, असं वकिलांनी बजावलंच होतं. पण पुतण्यालाच साक्षीदार करायचं, ही अक्कल सारंगांची.

मृत्युपत्र वाचून झाल्यावर धोंडूचा चेहरा उतरला. "काका, माज्याच हातानं माजी वाट बंद करताव?"

"घर तुजंच हाय, ता कोन नेत नाय. पन म्हाताऱ्याचं डोकं ठिकानावर नव्हतं असं उद्या कोन बोललं, तर त्याला जाब तू द्यायचास. दुसऱ्या कुनावर माजा इश्वास नाय."

धोंडूनं एकदा काकांकडे बघितलं आणि सही केली.

दोन वर्षांनी सारंग गेले. मी कोपऱ्यात उभी राहून फार रडले. वेताला पाणी फुटत नाही एवढंच. तेरावं झालं आणि आंब्याचा व्यापारी मोहोर बघून बागेचा सौदा करायला आला. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "बायमानसाशी काय बोलतास? धोंडूशी बोल."

ओटीवर सगळे धोंडूकडे बघू लागले. दमयंतीबाईंनी मला हातात घेतलं, पहिल्यांदाच.

"बाग काकीची हाय," धोंडू म्हणाला. "कागदावर माजी सय हाय."

तेव्हापासून मी दमयंतीबाईंची. रोज आम्ही बागेला फेरी घालतो. माझी मूठ झिजलीय, त्यांची पाठ वाकलीय, पण दोघी ताठ चालतो. तुमच्या घरात कुणी थकलं असेल, तर आपल्या माघारी काय व्हावं हे त्यांचं बोलणं अभद्र म्हणून तोडू नका, एवढंच माझं मागणं.

काल धोंडू आला, तेव्हा बाईंनी त्याला जेवता जेवता सांगून टाकलं की बाग त्या त्याच्या लेकीला, जनीला, देणार आहेत. "उद्या रत्नागिरीला जायचंय. साक्षीदार म्हनून तू येशील ना?"

"परत मीच?" धोंडूनं विचारलं.

"तुजा हात बसलाय आता," बाई म्हणाल्या, आणि मला दाराशी आणून ठेवलं.