दिवस बुडायच्या आत

ब्लॉग का काढला, असं जो तो विचारतो आणि मी प्रत्येकाला वेगळं कारण सांगते. सुनेला, ब्राह्मीला, सांगितलं की वेळ जात नाही. भिशीतल्या बायकांना सांगितलं, सुनेनंच मागे लागून काढून दिला. मुलानं, गोमटेशनं, विचारलंच नाही. आईला आता बरं वाटतंय, असं तो धरून चाललाय. बरं नाही, वाईट नाही, मला काहीच वाटत नव्हतं. सुकुमार गेले, मी तासगावचं घर बंद करून सांगलीत मुलाच्या फ्लॅटमध्ये आले, वर्षही निघून गेलं, तरी डोळ्यांतून टिपूस नाही. दाढ काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते.

ब्लॉगचं नाव ‘दिवस बुडायच्या आत’. आम्ही जैन. सुकुमारांनी अकरा वर्षांपूर्वी रात्री न जेवण्याचं व्रत घेतलं, तेव्हापासून दिवस बुडायच्या आत गरम ताट वाढणं हेच माझं काम. तेच लिहीत गेले. ज्वारीच्या कण्या, दोडक्याची भाजी, असलंच काहीबाही. लोक वाचायचे आणि खाली लिहायचे, ‘काकांनी शेवटपर्यंत व्रत मोडलं नाही, धन्य!’ शोकसभेतही सगळे हेच बोलले होते. मेलेल्या माणसाची तारीफ करायला लोकांचं काय जातं! मी आपली दर वेळी जोडलेल्या हातांचं चित्र टाकायची. पुढं पुढं त्या हातांचा मला वीट आला.

परवा दुपारी मुगाच्या आमटीचं लिहीत होते. ‘शेवटी गुळाचा लहानसा खडा घालावा’ इथवर आले आणि बोट पुढे सरकेना. आमटी पुसून टाकली आणि हे लिहिलं:

‘मार्चमधली गोष्ट. आमच्या बेदाण्याच्या शेडवर जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती आणि संध्याकाळी आभाळ भरून आलं. मला मागाहून कळलं, ह्यांनी सहाला तिथंच इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं, साडेसहाला घरी येऊन जेवायचं म्हणून. पण माल भिजू नये म्हणून प्लास्टिकचा कागद ओढण्यात वेळ गेला. घरी आले तेव्हा सव्वासात झाले होते. दिवस बुडाला होता. कॉटवर बसले आणि म्हणाले, “चंदना, गुळाचा खडा दे गं जरा. हातपाय कापाय लागल्यात.”

मी म्हणाले, “आवं, अकरा वर्सं पाळलंय, आज एका खड्यासाठी मोडताय व्हय?”

ते हसले. “ते बी खरंच हाय,” म्हणाले आणि आडवे झाले. सकाळी उठले नाहीत.

आजारी माणसाला व्रतात सूट असते. मठातल्या स्वामींनी आमच्यासमोर तसं सांगितलं होतं. मला ठाऊक होतं. इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते; ते घेतलंय का, एवढं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. ते व्रत मोडायला तयार होते. मी मोडू दिलं नाही. मला मान हवा होता, सुकुमारांची बायको म्हणून.’

वाचून न बघता ब्लॉगवर टाकलं. ब्लॉग त्यासाठीच काढला होता, हे तेव्हा कळलं. तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती.

संध्याकाळी गोमटेश लवकर आला. मी ताट वाढलं. तो शिवलाही नाही.

“आई, ते काढून टाक.”

“का?”

“लोक बाबांना नावं ठेवतील.”

“बाबांना कशाला? मला ठेवतील. ठेवू देत.”

ब्राह्मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. आमटीवर साय धरायला लागली. गोमटेश रागावेल, ओरडेल, म्हणून मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण तो लहानपणी विचारायचा तशा आवाजात म्हणाला, “केवढा मागितला होता?”

“एवढासा,” मी म्हणाले आणि अंगठ्यानं बोटाचं टोक धरून दाखवलं.

तो बघत राहिला. मला हात खाली घेता येईना. बाहेर दिवस बुडाला, ताट तसंच राहिलं, आणि मी आपली एवढासा दाखवत बसले होते. शेवटी गोमटेशनं उठून माझं बोट मुठीत धरलं.

तेव्हा दुखायला लागलं.