मनगटातला आवाज

जरा डोळ्यांपुढे आणा: तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि आईचं मनगट तुमच्या दोन्ही हातांत आहे. अंगठा नेमक्या जागी दाबायचा, हात करंगळीच्या बाजूकडून अलगद अंगठ्याच्या बाजूला वळवायचा. आतून ‘कट्’ असा आवाज आला की काम झालं.

पालीजवळच्या वाडीतली वेदिका तीन आठवडे रोज शाळेत जाण्याआधी हेच करत होती. तिची आई कमळा चिऱ्याच्या पायरीवरून घसरून तळहातावर पडली होती. शेजारच्या धाकूआजोबांनी मनगट चाचपलं. हाड सरकलंय, रोज बसवायला हवं, म्हणाले. त्यांचा अंगठा जाड, म्हणून जागा त्यांनी वेदिकेला दाखवून दिली. पहिल्याच दिवशी आवाज आला आणि आई म्हणाली, “बसला गो.” तेव्हापासून वाडीत सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवत. तिला ते आवडायचं.

पण हात काही सुधारेना. काजूच्या कारखान्यात कमळाला यंत्राचा दांडा ओढवेना. आठवडाभर वाट बघतो, मग दुसरी बाई घेतो, असं मुकादमाने सांगून टाकलं. त्यात पेजेचा टोप हातातून निसटला, तेव्हा मायलेकी एसटीने रत्नागिरीला आल्या.

डॉक्टरांनी दोन एक्स-रे काढायला लावले. एक मूठ मोकळी ठेवून, दुसरा तीच मूठ घट्ट आवळून. पहिल्यात काहीच नव्हतं. दुसऱ्यात दोन हाडांमध्ये काळी फट दिसत होती. वेदिका खुर्चीच्या अगदी कडेला आलेली पाहून डॉक्टर तिलाच समजावू लागले. मनगटात आठ लहान हाडं असतात, नदीतल्या बारक्या गोट्यांएवढी. चिवट पट्ट्यांनी ती एकमेकांना बांधलेली असतात. या दोन हाडांमधली पट्टी फाटली होती. हाडं शाबूत, बांधणी सुटलेली.

मग त्यांनी कमळाचं मनगट धरलं, अंगठा बरोबर त्याच जागी ठेवला आणि हात वळवला.

कट्.

“बसला,” वेदिका म्हणाली.

“नाही बाळ. हाड जागेवरून निसटतं आणि परत जातं, त्याचा हा आवाज. दर वेळी उरलेली पट्टी ताणली जाते.” त्यांनी कमळाकडे पाहिलं. “हे वरचेवर कोणी करत होतं का?”

“मीच,” कमळा म्हणाली. “चाळा लागलेला.”

“दुखलं नाही?”

“नाय वो. एवढा काय नाय.”

रोज सकाळी आवाज यायच्या वेळेस आई तोंड दाराकडे फिरवायची. कोण आलंय ते बघते, असं वेदिकेला वाटायचं. दारात कधीच कुणी नसायचं.

“खोटा सांगते ती,” ती म्हणाली. “मी करायचे. रोज.”

सध्या प्लास्टर घालू, शस्त्रक्रियेचं त्यानंतर बघू, एवढंच बोलून डॉक्टरांनी प्लास्टरची पट्टी पाण्यात भिजवली. बोटं वर धरायला कुणीतरी हवं होतं. परिचारिका पुढे झाली, तशी कमळाने नको म्हणून मान हलवली.

“वेदू, तू धर.”

वेदिकेने दोन्ही हात पाठीमागे नेले. आईचा हात तसाच वर राहिला. कमळाने तो खाली घेतला नाही.

वेदिकेने तळवे फ्रॉकला पुसले, पुढे आली आणि बोटांची फक्त टोकं धरली.